आकाशातील राखणदार

जोंधळ्याच्या कणसात दाणा भरू लागला की शेतात माळा उभा राहतो. चार मेढी रोवायच्या, वर फांद्या आणि कडबा अंथरायचा आणि गोफण घेऊन राखणदाराने दिवसभर वर बसायचे. बांधावर उभे राहिले तर पुरुषभर उंचीच्या पिकापलीकडे काही दिसत नाही. माळ्यावर चढले की सारे शिवार नजरेत येते. पाखरांचा थवा कुठे उतरला, कुणाचे ढोर कुणाच्या रानात शिरले, सगळे कळते. जे शेताचे तेच राज्याचे. आपल्या गडांवरचे टेहळणीचे बुरूज याच हिशेबाने बांधलेले आहेत. राखण करायची तर उंची हवी, हा धडा माणूस फार पूर्वीच शिकला.

गेल्या साठ-पासष्ट वर्षांत माणसाने हा माळा थेट आभाळात नेऊन उभा केला. पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह, त्यांच्यावर बसवलेली दुर्बीण आणि कॅमेरा, असा हा नवा माळा आहे. त्याची उंची साधारण पाचशे किलोमीटर. मुंबईहून पणजीला रस्त्याने जायला जेवढे अंतर पडते, जवळजवळ तेवढेच सरळ डोक्यावर! तिथून हा राखणदार खाली पाहत असतो. तो कसा पाहतो, किती पाहतो आणि त्याने पाहिलेल्याचा अर्थ कोण लावतो, या तीन प्रश्नांविषयी आज बोलायचे आहे.

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या गावी गेलो होतो. त्याच्या आजोबांनी नातवाकडून उपग्रहांविषयी काहीबाही ऐकले होते. ओसरीवर चहा घेता घेता त्यांनी मला विचारले, "मास्तर, ते वरचं यंत्र समदं बघतंय म्हनत्यात. मग आमची हीर दिसती का त्याला?"

मी म्हणालो, "दिसते की, आजोबा. चांगल्या कॅमेऱ्यातून विहिरीचा गोल काठ स्पष्ट दिसतो."

आजोबा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "अन् हिरीतलं पानी? ते किती परस हाय, ते दिसतंय का?"

मला "नाही" म्हणावे लागले. श्रोतेहो, उपग्रहावर मी पुष्कळ पुस्तके वाचली आहेत, पण या विषयाचे मर्म आजोबांच्या त्या दोन प्रश्नांत जसे सापडले तसे पुस्तकात सापडले नव्हते. विहीर दिसणे वेगळे आणि पाणी कळणे वेगळे.

आता हा डोळा पाहतो कसा ते पाहू. असा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावतो आणि सुमारे दीड तासात पृथ्वीची एक फेरी पुरी करतो. आपला एखादा तालुका ओलांडायला त्याला पाच-सहा सेकंद पुरतात. त्याची वाट उत्तर-दक्षिण अशी, दोन्ही ध्रुवांच्या जवळून जाणारी असते. खाली पृथ्वी आपल्याभोवती फिरत असते, म्हणून प्रत्येक फेरीला जमिनीचा नवा पट्टा त्याच्याखाली येतो. ही वाट अशा युक्तीने आखतात की कोणत्याही गावावरून तो जायचा तो ठरलेल्या वेळीच जातो. आपले बरेचसे उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास, म्हणजे शाळेत पहिले-दुसरे तास चालू असतात तेव्हा डोक्यावरून जातात. ऊन रोज जवळपास त्याच बाजूने पडते, म्हणून आजच्या चित्राची तुलना महिन्यापूर्वीच्या चित्राशी करता येते. राखणदाराला नुसते पाहून भागत नाही. काल काय होते आणि आज काय बदलले, हे त्याला कळावे लागते.

कॅमेऱ्यात पूर्वी फिल्म असे, आता नसते. तिच्या जागी प्रकाशाची वीज करणाऱ्या हजारो बारीक कणांची एक रांग असते. उपग्रह पुढे जातो तशी ही रांग, अंगणावरून झाडू ओढत न्यावा तशी, जमिनीवरून ओढली जाते आणि ओळीमागून ओळ चित्र तयार होते. प्रत्येक कणाच्या वाट्याला जमिनीचा एक चौकोन येतो आणि चित्रात त्याचा एक ठिपका होतो. ठिपक्यांची रांगोळी म्हणा ना! ठिपका जितका लहान, तितकी रांगोळी रेखीव.

हा ठिपका आपल्या गुंठ्यांत मोजला म्हणजे प्रगती चटकन लक्षात येते. आपल्या देशाचा जमीन पाहणारा पहिला मोठा उपग्रह आयआरएस-१ए. तो १७ मार्च १९८८ रोजी सोडला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेबहात्तर मीटरांचा होता, म्हणजे एका ठिपक्यात बावन्न गुंठे जमीन. सव्वा एकराहून मोठे शेत, पण चित्रात एक टिंब! पुढे डिसेंबर १९९५ मध्ये आयआरएस-१सी गेला. त्याचा ठिपका ५.८ मीटरांचा, म्हणजे एका गुंठ्यात तीन ठिपके. जगातल्या नागरी उपग्रहांत त्या वेळी याहून बारीक नजर कुणाचीच नव्हती. आणि २७ नोव्हेंबर २०१९ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-३ चा ठिपका पाव मीटराचा, सुमारे एका वितीचा. एका गुंठ्यात सोळाशे ठिपके! एकतीस वर्षांत बावन्न गुंठ्यांवरून वितीवर आलो.

पण बारीक नजरेची किंमत मोजावी लागते. अमेरिकेने १९७२ मध्ये सोडलेला पहिला लँडसॅट उपग्रह एका वेळी १८५ किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपत असे, पण त्याचा ठिपका ऐंशी मीटरांचा. कार्टोसॅट-३ चा पट्टा जेमतेम सोळा किलोमीटरांचा. म्हणजे सारे शिवार पाहावे तर पाखरू दिसत नाही, आणि पाखरावर नजर रोखावी तर शिवार सुटते. आपला माळ्यावरचा राखणदार हे अनुभवाने जाणतोच.

आता एका गैरसमजाविषयी. उपग्रहातून माणसाच्या हातातले वर्तमानपत्र वाचता येते, असे चहाच्या दुकानात आपण ऐकतो. चित्रपटातही तसेच दाखवतात. हे खरे नाही, आणि पुढेमागेही खरे होण्यासारखे नाही, कारण अडचण कारागिरीची नसून प्रकाशाच्या स्वभावाची आहे. प्रकाश ही लाट आहे. दुर्बिणीच्या आरशावर आदळून एकत्र येताना ती थोडी पसरतेच. आरसा जितका रुंद तितके हे पसरणे कमी. कार्टोसॅट-३ चा आरसा १.२ मीटर रुंदीचा आहे आणि त्याच्या उंचीवरून हिशेब मांडला तर उत्तर जवळजवळ पाव मीटरच येते. म्हणजे निसर्गाने घालून दिलेल्या कुंपणापर्यंत आपले शास्त्रज्ञ जाऊन पोचले आहेत. आता तीनशे किलोमीटरांवरून वर्तमानपत्राचे बारीक अक्षर वाचायचे झाले, तर आरसा अर्ध्या किलोमीटरहून रुंद लागेल. तो कुठून आणणार आणि वर कोण नेणार? माणूस दिसेल तो एक-दोन ठिपक्यांएवढा. त्याचा चेहरा दिसणार नाही.

शिवाय हा डोळा अहोरात्र एकाच गावावर रोखलेला नसतो. आला, पाच सेकंदांत गेला, पुन्हा काही दिवसांनी येणार. एकाच जागी स्थिर दिसणारे उपग्रह आहेत, ते छत्तीस हजार किलोमीटरांवर असतात. पावसाचे ढग दाखवणारे आपले इन्सॅट त्यांतलेच. पण तेवढ्या उंचीवरून दिसणारा ठिपका किलोमीटरच्या हिशेबात मोजावा लागतो. आणि प्रकाशावर चालणाऱ्या डोळ्याला ढगाआडचे व अंधारातले दिसत नाही. आपले खरिपाचे पीक वाढते ते नेमके ढगांच्या दिवसांत! म्हणून रेडिओलहरींनी पाहणारे रडारचे उपग्रह वेगळे करावे लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेला आपला ईओएस-०४ हा तशांपैकीच. पण आजचा आपला विषय प्रकाशाने पाहणाऱ्या डोळ्याचा आहे.

हा डोळा प्रथम आभाळात गेला तो पिके पाहायला नव्हे. तो गेला शत्रूवर नजर ठेवायला. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

१९६० च्या सुमारास अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकमेकांकडे संशयाने पाहत होते. रशियाकडे अण्वस्त्रे वाहून नेणारी शेकडो लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे तयार होत आहेत आणि आपण मागे पडलो, अशी भीती अमेरिकेत पसरली होती. निवडणुकीच्या सभांतून तीच चर्चा. खरे काय ते कुणालाच ठाऊक नव्हते. यू-टू नावाची विमाने १९५६ पासून फार उंचावरून रशियावर जाऊन चोरून छायाचित्रे घेत. पण १ मे १९६० रोजी रशियाने त्यांतले एक पाडले, वैमानिक जिवंत पकडला आणि ती वाट बंद झाली.

तेव्हा अमेरिकेची 'कोरोना' नावाची गुप्त योजना चालू होती. जगाला सांगायचे नाव 'डिस्कव्हरर', आणि सांगायचा उद्देश शास्त्रीय संशोधन. आत मात्र कॅमेरा. अपयश तरी किती यावे! लागोपाठ बारा प्रयत्न फसले. कधी रॉकेट बिघडले, कधी उपग्रह भलतीकडे गेला, कधी पोकळीत फिल्मच तडकून तुटली. तिच्यासाठी नव्या जातीची चिवट फिल्म करावी लागली. अखेर १९ ऑगस्ट १९६० रोजी यश आले. फिल्म भरलेली मोठ्या हंड्यासारखी कुपी उपग्रहातून सुटली, पॅराशूटने खाली येऊ लागली, आणि हवाई बेटांजवळ एका विमानाने मागे सोडलेल्या आकड्यांनी ती हवेतच अलगद अडकवून घेतली. दोन वेळा हुकली, तिसऱ्या वेळी सापडली. कुपीत फिल्म होती सुमारे नऊ किलो. पण चार वर्षांत यू-टू विमानांनी रशियाचा जेवढा मुलूख टिपला होता, त्याहून अधिक मुलूख या एका खेपेत हाती आला.

आणि त्या चित्रांत काय दिसले? शेकडो क्षेपणास्त्रे दिसलीच नाहीत. पुढच्या खेपांची चित्रे तपासून सप्टेंबर १९६१ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञांनी अंदाज बांधला, तो दहा ते पंचवीस क्षेपणास्त्रांचा. भीतीने शेकडो दाखवली होती, डोळ्याने पंचविसांच्या आत दाखवली. रशियानेही एप्रिल १९६२ पासून 'झेनिट' नावाचे आपले टेहळणी उपग्रह वर पाठवायला सुरुवात केली. दोघांचे माळे समोरासमोर उभे राहिले.

नवल पुढेच आहे. २६ मे १९७२ रोजी या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मॉस्कोत शस्त्रमर्यादेचे करार केले, आणि त्यांत एक कलम असे घातले की एकमेकांच्या टेहळणीच्या साधनांत कुणी अडथळा आणायचा नाही. उपग्रह हा शब्द न उच्चारता 'राष्ट्रीय तांत्रिक साधने' असे त्यांचे नाव घातले. शेजाऱ्याशी बांधाचा तंटा आहे, पण त्याने आपल्या माळ्यावरून आपले शेत पाहावे आणि आपण त्याचे, असे दोघांनी मान्य केले! कारण जे दिसते त्याची भीती न दिसणाऱ्यापेक्षा कमी असते. १९७२ मध्ये कोरोना योजना संपली, तोवर आठ लाखांहून अधिक चित्रे जमली होती. १९९५ मध्ये ती जगाला खुली झाली. आता पुराणवस्तूंचे अभ्यासक त्याच चित्रांत धरणांखाली आणि नांगराखाली गेलेल्या जुन्या वसाहती शोधतात.

डिसेंबर १९७६ मध्ये अमेरिकेचा फिल्मशिवाय काम करणारा पहिला टेहळणी उपग्रह गेला. कुपी हवेत झेलण्याचा खटाटोप संपला, चित्र रेडिओने थोड्या वेळातच खाली येऊ लागले. चित्रांचा जणू पूर लोटला. आणि मग नवीच अडचण उभी राहिली. इतकी चित्रे पाहायची कुणी, आणि त्यांचा अर्थ लावायचा कसा?

याचा दाखला आपल्याच देशातला आहे. डिसेंबर १९९५ मध्ये राजस्थानात पोखरण येथे अणुचाचणीची तयारी चालू असल्याची चिन्हे अमेरिकेच्या उपग्रहांना दिसली. अमेरिकेच्या राजदूतांनी दिल्लीत ती चित्रे दाखवली, वर्तमानपत्रांत बातमी फुटली, दबाव आला आणि चाचणी राहिली. आपल्या शास्त्रज्ञांनी आणि लष्कराने त्यातून धडा घेतला. १९९८ मध्ये पुन्हा तयारी झाली तेव्हा वरचा राखणदार केव्हा येतो आणि केव्हा जातो, याचा हिशेब आधी मांडला गेला. अवजड कामे रात्री करायची. उजाडण्यापूर्वी प्रत्येक यंत्र होते त्याच जागी नेऊन ठेवायचे, म्हणजे वरून पाहणाऱ्याला ते हललेच नाही असे वाटावे. उकरलेल्या वाळूचे ढीग वाऱ्याने साचल्यासारखे घडवायचे. शास्त्रज्ञांनी लष्करी गणवेश घालून वावरायचे. ११ मे १९९८ रोजी दुपारी पावणेचारला तीन चाचण्या झाल्या, १३ मे रोजी आणखी दोन. जगातल्या सर्वांत तीक्ष्ण डोळ्याला पत्ता लागला नाही.

अमेरिकेने लगेच चौकशी बसवली. निवृत्त ॲडमिरल जेरेमाया तिचे प्रमुख होते. त्यांनी बोट ठेवले ते मुख्यतः पाहणाऱ्या माणसांवर. चित्रे गोळा होतात त्या मानाने ती तपासणारी माणसे कमी पडतात, हा एक दोष. दुसरा अधिक खोल: भारत आपल्यासारखाच विचार करील, असे या तज्ज्ञांनी मनाशी गृहीत धरले होते. मनात जे नाही ते डोळ्यांना कसे दिसावे?

आपण दुसऱ्याच्या फजितीवर हसावे, तर वर्षभरात तीच पाळी आपल्यावर आली. मे १९९९ च्या पहिल्या आठवड्यात कारगिल भागात ताशी नामग्याल नावाचा एक मेंढपाळ आपला हरवलेला याक शोधत डोंगरात हिंडत होता. त्याने दुर्बिणीतून समोरच्या उतारावर पाहिले, तर अनोळखी माणसे दगड रचून मोर्चे बांधत होती. त्याने खाली येऊन लष्कराला वर्दी दिली. घुसखोरीची ही अगदी पहिली खबर. आपले दोन उत्तम उपग्रह त्या वेळी आभाळात होते. पण त्यांचा ठिपका पावणेसहा मीटरांचा, त्यात माणूस कुठून दिसणार? पुढे कारगिल आढावा समितीने जागतिक दर्जाची उपग्रहचित्रे देशातच मिळण्याची सोय लवकरात लवकर करावी, असे आग्रहाने सुचवले. ऑक्टोबर २००१ मध्ये एक मीटरपर्यंत पाहणारा आपला टीईएस उपग्रह गेला आणि मग कार्टोसॅटची मालिका आली. हे योग्यच झाले. पण पहिली वर्दी याक शोधायला निघालेल्या माणसाने दिली, हेही आपण विसरू नये. तो डोंगर त्याच्या रोजच्या पाहण्यातला होता. त्यावर नवे काय आले, ते त्याला पटकन कळले.

तिसरे उदाहरण सर्वांत कटू आहे. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे इराकची उपग्रहचित्रे मांडली. ही कोठारे रासायनिक शस्त्रांची, हे शेजारी उभे असलेले वाहन विषारी द्रव्य धुऊन काढण्याचे, असे अर्थ त्यांनी सांगितले. चित्रे खरी होती. कोठारही होते, वाहनही होते. संयुक्त राष्ट्रांचे तपासणी प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी नऊ दिवसांनी त्याच सभागृहात सांगितले की ही हालचाल नेहमीच्या कामकाजाचीही असू शकते. ते कुणी मनावर घेतले नाही. मार्चमध्ये युद्ध सुरू झाले. सारा देश धुंडाळल्यावर २००४ मध्ये अमेरिकेच्याच तपास पथकाने अहवाल दिला, तो असा की शस्त्रांचे साठे नव्हतेच. १९६० मध्ये चित्राने भीतीला उत्तर दिले होते. २००३ मध्ये भीतीने चित्राला आपलीच भाषा बोलायला लावली. डोळा दोन्ही वेळा तोच होता, फरक पाहणाऱ्यात होता.

श्रोतेहो, आपण म्हणाल, रशिया, इराक, पोखरण, या मोठ्या राज्यांच्या गोष्टी. आमच्या गावाचा त्यांच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि दिवसेंदिवस तो वाढणार आहे. कारण हा राखणदार आता फक्त सेनापतींचा राहिलेला नाही.

याची सुरुवात आपल्याकडे १९७० मध्ये झाली. केरळात नारळाच्या झाडांना मुळांचा एक रोग लागला होता. प्रा. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर बागांची छायाचित्रे घेतली. हिरवे निरोगी पान हा प्रकाश भरपूर परत फेकते, रोगट पान कमी फेकते. म्हणून झाड वरकरणी बरे दिसत असले तरी चित्रात त्याचे दुखणे उमटते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे हेच पहिले संचालक. आज उपग्रहांचे कॅमेरे याच तत्त्वावर पिकांचे क्षेत्र, दुष्काळ, जंगलतोड, वणवे यांवर नजर ठेवतात. १९८८ पासून नागपुरात आपल्या राज्याचे सुदूर संवेदन केंद्र हे काम करीत आहे. युरोपच्या 'सेंटिनेल' उपग्रहांची चित्रे तर कुणालाही फुकट मिळतात. त्यांतल्या एका जोडीचा ठिपका दहा मीटरांचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा, आणि साधारण पाच दिवसांनी नवे चित्र. सेंटिनेल या शब्दाचा अर्थ पहारेकरी, हे मुद्दाम सांगतो.

अशाच एका चित्रावर आमच्या वर्गात घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या भागाचे चित्र भिंतीवर लावून मी विद्यार्थ्यांना उसाचे क्षेत्र शोधायला सांगितले. एक भला मोठा गडद हिरवा तुकडा पाहून सर्वांनी एकमुखाने सांगितले, "सर, ऊस!" मलाही ते पटले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी भीतभीत उठली आणि म्हणाली, "सर, तो ऊस नाही. तो आमच्या गावचा तलाव आहे. यंदा सगळा जलपर्णीने भरलाय." दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन पाहिले. तिचेच खरे होते. एम. ए. झालेल्या मास्तरांना जे चित्रात कळले नाही, ते रोज त्या काठाने येणाऱ्या मुलीला कळले.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. वर्गात चूक झाली तर खोडरबराने पुसता येते. पण पीक विम्याच्या योजनेत कापणी प्रयोगांच्या जोडीला उपग्रहाची चित्रेही आता वापरली जाऊ लागली आहेत. कुठे पीक गेले आणि कुठे वाचले, हे ठरवण्यात त्यांचा वाटा वाढत जाणार. तणाने हिरवे झालेले रान वरून पिकासारखे दिसू शकते. पीक उभे असेल, हिरवे असेल, पण शेंगेत दाणा नसेल, तर वरचा डोळा ती शेंग सोलून पाहणार नाही. अशा वेळी चित्राचा अर्थ चुकला, तर त्याची झळ शेतकऱ्याच्या घराला लागते.

म्हणून या शास्त्रात एक फार चांगली रीत आहे. वरून दिसलेले जमिनीवर जाऊन पडताळून पाहायचे. त्याशिवाय चित्रावर भरवसा ठेवायचा नाही. ठिकठिकाणी माणसे जातात, इथे सोयाबीन, इथे पडीक, इथे पाणी, अशा नोंदी करतात आणि त्या नोंदींवरून चित्राला वाचायला शिकवतात. आपल्या राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या बांधावर उभे राहून, मोबाइलवर छायाचित्र घेऊन, आपले पीक स्वतः नोंदवायचे. पुष्कळांना ती एक कटकट वाटते. पण माझे सांगणे असे, की वरच्या डोळ्याची चूक दाखवून देणारा तो आपला पुरावा आहे. आपण आपली नोंद केली नाही, तर आपल्या शेताविषयी फक्त वरचाच बोलणार, आणि खालच्याचा शब्द कुठेच नसणार.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. आपल्या शाळेत आता बहुधा एक तरी संगणक किंवा मोबाइल असतो. 'भुवन' हे आपल्या अवकाश संस्थेने २००९ मध्ये सुरू केलेले नकाशांचे दालन सर्वांना खुले आहे. त्यावर आपले गाव काढा. मुलांना शाळा, ओढा, गायरान, विहिरी शोधायला लावा. मग चित्र घेऊन मुलांसह शिवारात जा. चित्रात आहे पण जमिनीवर नाही, जमिनीवर आहे पण चित्रात नाही, अशा दोन याद्या करा. दुसरी यादी नेहमी लांब होईल. कुणाच्या विहिरीला पाणी किती, कोणता बांध फुटतो, कोणते शेत का पडीक राहिले, हे त्या दुसऱ्या यादीत येईल. भूगोलाचा याहून चांगला तास मला तरी माहीत नाही.

माळ्यावरचा राखणदार दिवसभर वर बसतो, पण संध्याकाळी खाली उतरून पिकातून एक चक्कर टाकल्याशिवाय घरी जात नाही. ताटाच्या आत लागलेली कीड माळ्यावरून दिसत नाही, हे त्याला ठाऊक असते. आभाळातल्या राखणदाराला खाली उतरता येत नाही. ती चक्कर आपणच टाकली पाहिजे.

ते आजोबा आज हयात नाहीत. त्या दिवशी मी "नाही" म्हटल्यावर ते हसले, नातवाला हाक मारून म्हणाले, "जा रं, मास्तरांना हिरीवर घिऊन जा." आम्ही गेलो. काठावरून वाकून पाहिले. पाणी दोन परस खाली होते.